पस्तीस वर्षं टिकणारी रेसची गाडी

वेगाने पळणाऱ्या गाड्या बनवणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण रेसची गाडी पस्तीस वर्षं टिकलीच पाहिजे असा हट्ट धरणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. रेस असते वीस मिनिटांची. पण मामांचं सगळं आयुष्य रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात गेलं. डबा एकदा कारखान्याबाहेर पडला की त्याने पस्तीस वर्षं मुकाट्याने माणसं वाहायची, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. निवृत्त झाल्यावर इथले तमिळ लोक कुणी सकाळ-संध्याकाळ कचेरीत, म्हणजे गाण्याच्या मैफलीत, जाऊन बसतात, कुणी अमेरिकेत जाऊन नातवंडं सांभाळतात. मामांनी वेलचेरीच्या आमच्याच इमारतीखाली, पार्किंगमधल्या आपल्या जागेत, मोटरसायकलचं इंजिन बसवलेल्या, एकाच माणसाला बसता येईल अशा रेसगाड्या बनवायला घेतल्या. स्वतः मात्र मोपेडवर ताशी वीसच्या वर कधी गेले नाहीत. एकदा मी मागे बसलो होतो, तर पायी चाललेल्या एका ओळखीच्या गृहस्थांशी त्यांनी सिग्नलपासून देवळापर्यंत गप्पा मारल्या, मोपेड न थांबवता.

मामा तंजावरचे मराठी. मी सांगलीचा, बँकेच्या बदलीने इथे आलो आणि त्यांच्या भाचीशी लग्न करून इथलाच झालो. त्यांचं मराठी ऐकलं की जुनं दप्तर उघडून कुणी तमिळ सुरात वाचतंय असं वाटतं. मला ते तमिळ रीतीने मापिळ्ळै म्हणतात, म्हणजे जावईबापू. आणि या मापिळ्ळैला त्यांनी एक पद बहाल केलंय. ड्रॉइंग ऑफिसात प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असते: काढणार कोण, तपासणार कोण. काढणाऱ्याने स्वतःचंच काम तपासायचं नाही, हा तिथला कडक नियम. घरात सह्या करायची सवय असलेला दुसरा माणूस मी. तेव्हा गेली चार वर्षं रेसगाडीच्या प्रत्येक कागदावर ‘तपासले’ या रकान्यात माझी सही आहे. मला स्क्रू आणि बोल्टमधला फरक कळत नाही. सुरुवातीला मी बँकेच्या सवयीने कागद वाचायला घेतला, तर म्हणाले, “पोदुम, पुरे, मापिळ्ळै. वाचू नका, सही करणे. वाचलेत तर शंका काढाल.”

बोल्ट आणायला ते आठवड्यातून एकदा जॉर्ज टाउनला जातात. तिथल्या ठोक बाजारात लोक किलोने माल उचलतात. मामा खिशातून मापपट्टी काढून एकेक बोल्ट मोजतात, नापास झालेला परत करतात आणि दुकानदाराला त्याचं कारण समजावून सांगतात. एका दुकानदाराने त्यांना पाहिल्यावर शटर अर्धं खाली ओढलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मामा खाली वाकून आत गेले.

गाडी चालवते त्यांची लेक, कावेरी. दिवसभर कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसणारी, पाच फूट एक इंच उंचीची ही पोरगी गाडीत बसली की भल्याभल्यांना घाम फोडते. तिचा हात चांगला आहे हे सगळा ट्रॅक जाणतो. फक्त बापाची गाडी शेवटपर्यंत पोचत नाही. पहिल्या मोसमात गाडी इतकी जड झाली की साखळी तुटली. दुसऱ्यात साखळी जाड केली, तर इंजिन दमलं. तिसऱ्यात पेट्रोलच्या टाकीला मामांनी इतका जाड पत्रा लावला की आत पेट्रोलच कमी मावलं, आणि कावेरी दुसऱ्या नंबरवर असताना गाडी शेवटच्या वळणावर गप्प उभी राहिली. मामा म्हणाले, “पण टाकी पाहिली का, एक चीर नाही.” मामींनी कपाळाला हात लावला.

यंदा कोइमतूरच्या एका मोठ्या संघाने कावेरीला बोलावलं. तयार, हलकी गाडी, तिकडेच राहायचं. तिने घरात चकार शब्द काढला नाही. मामींकडून ते मामांना कळलं. दुसऱ्या दिवशी कॉफीच्या वेळी मामांनी अट घातली. पहिल्या रेसपर्यंत त्या संघाने थांबावं. आपली नवी गाडी शेवटच्या झेंड्यापर्यंत पोचली, तर सबंध मोसम बापलेक एकत्र. नाही पोचली, तर कावेरीने निमूटपणे कोइमतूर गाठावं. कावेरी म्हणाली, “सरी, अप्पा. चालेल.” आणि घरात जो तो त्या गाडीच्या मागे लागला.

नवी गाडी खरंच वेगळी होती. मामांनी काळजावर दगड ठेवून पत्रा पातळ केला होता. दर वर्षीप्रमाणे त्यांनी आम्हाला समोर बसवून मोसमाचं अनुमान वाचून दाखवलं: “पहिल्या पाचांत येणे.” इंजिनावर मात्र जुन्या डब्यांच्या छपरावर असायचं तसलं वारा आत घेणारं टोपडं बसवलं होतं. आणि रंगकाम झाल्यावर रेल्वेच्या रिवाजाने गाडीच्या नाकावर तिचं रिकामं वजन पांढऱ्या अक्षरांत लिहिलं. डब्यावर लिहितात, म्हणोन लिहिलं. ट्रॅकवर गाडी उतरवली तेव्हा बाकीच्या संघांनी तो आकडा वाचला आणि त्यांना हसू आवरेना. आपलं वजन कुणी शत्रूला सांगतं का? मामांना त्यात वावगं काय तेच कळेना. “वजन लपवायचे काय कारण? क्रेनवाल्यास कळावयास नको?” कावेरीसुद्धा हेल्मेटमध्ये हसत होती.

रेस ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी. मामा कधीच रेस बघत नाहीत. ट्रॅककडे पाठ करून, डोळे मिटून उभे राहतात आणि आवाजावरून गाडी ओळखतात. मी शेजारी उभा राहून सांगायचं काम करतो. नऊ गाड्या सुटल्या, आमची नववी. मग ऊन आपलं काम करू लागलं. एका गाडीतून वाफ निघाली, मग दुसरीतून. चार गाड्या तापून बाजूला लागल्या. आमचं टोपडं वारा गिळत होतं आणि कावेरी शांतपणे एकेक फेरी पुरी करत होती. शेवटच्या फेरीला मामांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळाचा पट्टा रुतला. झेंडा हलला. पाच गाड्या पोचल्या, आमची पाचवी. म्हणजे शेवटची, पण अनुमान तंतोतंत खरं ठरलं. मी सातारी, कोल्हापुरी, सगळ्या शिट्ट्या मारल्या. मामींनी डब्यातला म्हैसूरपाक हसणाऱ्या संघांनासुद्धा वाटला.

कावेरी हेल्मेट काढून धावत आली. “अप्पा, पोचली गाडी. आता मी कुठे जात नाही.”

मामांनी गाडीच्या नाकावरून हात फिरवला. मग म्हणाले, “पोचली, हेच पाहायचे होते. आता तू कोइमतूरास जा.”

“पण अट तर—”

“डबा माणसास पोचवतो, कावेरी. उतरणाऱ्यास धरून ठेवीत नाही. जा.”

ती रडली, मामी रडल्या, मीही रडलो, त्यात काय लाजायचं. मामा मात्र चाकाचे बोल्ट तपासत बसले. एकही सैल झाला नव्हता.

कावेरी आता कोइमतूरला असते, जिंकते, दर रविवारी फोन करते. वेलचेरीच्या पार्किंगमध्ये पुढच्या मोसमाची तयारी चालू आहे. गाडी आता मामांच्या जुन्या साहेबांचा पुतण्या चालवणार. सहा फुटी गडी, चांगला आहे. परवा मामा नवा नकाशा घेऊन आले आणि नेहमीसारखे म्हणाले, “वाचू नका, सही करणे.” या खेपेला का कोण जाणे, मी वाचला. चालकाची उंची या रकान्यात त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, पाच फूट एक इंच. मी मामांकडे पाहिलं. ते खिडकीतून खाली पार्किंगकडे बघत होते. मी पेन उघडलं आणि ‘तपासले’ या रकान्यात सही केली.