गाळलेलं रीळ

माझा नातू सिनेमातल्या त्या उडणाऱ्या वीरांवर तासन् तास बोलतो. परवा म्हणाला, "आजी, हल्ली दुष्टालापण कारण असतं." म्हटलं, हल्ली कशाला, आमच्या वेळीपण असायचं बाबा. फक्त ते कुणी दाखवत नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. माझा थोरला भाऊ कोल्हारला नदीकाठच्या तंबूत सिनेमाचं मशीन चालवायचा. नदीत तेव्हा नुसते गोटे. एक चित्रपट तिथं लई चालला. तोंडाला काळी पट्टी बांधलेला वीर आणि गावाचं पाणी अडवून बसलेला एक क्रूर सरदार. मधल्या एका रिळात हा सरदार लहान असतो. त्याची आई कुलूप घातलेल्या विहिरीपाशी पाण्यावाचून मरते आणि पोरगं कठड्यावर डोकं आपटत रडतं. तंबूचा मालक भावाला म्हणाला, "हे रीळ गाळ. लोकांना मारामारी पायजे, रडगानं न्हाई." ते गाळलं की दुसरा खेळ वेळेत लागायचा. भावाला पटलं नव्हतं, पण पोटाचा प्रश्न. मग घरी येऊन तो आम्हाला तेवढंच रीळ तोंडानं सांगायचा, आणि आई डोळे पुसत ऐकायची. चित्रपटाचा शेवट त्यानं मला सांगितला होता, तिला कधी नाही.

तंबूत पहिल्या रांगेत एक राखणदार कायम हजर. आमच्या गावच्या बागाईतदाराच्या विहिरीवर तो कामाला होता. भोळा माणूस. पडद्यावर वीर आला की शिट्ट्या मारून मारून घसा बसवून घ्यायचा. भाऊ त्याला फुकटात आत घ्यायचा.

त्या उन्हाळ्यात आईला ताप भरला. टँकर गावच्या आडात रिकामा व्हायचा आणि आमच्या बौद्धवस्तीचा नंबर येईस्तोवर तळाचं गढूळ पाणी उरायचं. बागाईतदाराच्या विहिरीत मात्र गुडघाभर पाणी होतं, मोसंबीसाठी राखलेलं. आई पाणी पाणी करत होती. भर दुपारी, सगळा गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला असताना, भावानं टॉवेलानं तोंड गुंडाळलं आणि कळशी उचलली. मला म्हणाला, "आईपाशी बस."

विहिरीवर राखणदारानं त्याला गाठलं. ओळखलं काही नाही. त्याच्या लेखी हा तोंड बांधलेला चोर, आणि पाणी वाचवणारा वीर तो स्वतः. त्यानं काठी उगारली, भावानं धरली, ओढाताण झाली आणि राखणदार आत कोसळला. आसपास चिटपाखरू नव्हतं. भाऊ पळाला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. पण तो दोर धरून खाली उतरला, त्याला पाठीशी बांधलं, दगडांत पाय रोवत वर आणलं, आणि तोंडावरचा टॉवेल सोडून माणसांना हाका मारत बसला. माणसं आली ती भावालाच बडवायला लागली. मग पोलीस आले. गावभर एकच झालं, तोंड बांधून आला आणि राखणदाराला विहिरीत ढकललं. खाली उतरला होता हे कुणी बोलेना.

ते सांगणारा जगात एकच होता. आईचा ताप उतरल्यावर आम्ही दोघी त्याच्या झोपडीवर गेलो. तो बाजेवर पडून होता, कमरेखाली जीव नव्हता. आई म्हणाली, "दादा, कोर्टात एवढंच सांगा, त्यानं तुमाला वर काढलं. तेवढ्यानं शिक्षा हलकी हुईल."

त्यानं मान फिरवली. "व्हय, त्यानंच काढलं. वर येताना आवाजावरून वळखलं मी. पन मालकानं सांगितलंय, चोरानं ढकललं म्हनायचं, दुसरं न्हाई. औषधपानी तेच करत्यात, झोपडीबी त्यांचीच. उद्या भाईर काढलं तर ही लेकरं कुठं नेऊ?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. फुकट बघितलेले सिनेमे विसरलात का, असं मी तोंडावर विचारलं. त्याच्या बायकोनं तांब्याभर पाणी पुढं केलं. मी हात लावला नाही.

"पी," आई म्हणाली. "तिनं लेकरांच्या वाट्याचं दिलंय."

मी प्याले. राग काही गेला नाही, आजही गेलेला नाही. त्याचं चुकलं असंही मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो.

कोर्टात तो मालकाचंच बोलला. भावाला शिक्षा झाली. तुरुंगात जाळीआडून मी त्याला सगळं तावातावानं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "उठून बसतो का आता?"

पुढं एकदा भावाचं अंथरूण आणायला आम्ही तंबूत गेलो, तर तोच चित्रपट पुन्हा लागलेला. नव्या मशीनवाल्यानं सगळी रिळं लावली होती. त्यानं आम्हाला बायकांच्या बाजूला बसवलं. ते रीळ आलं. पोरगं कठड्यावर डोकं आपटायला लागलं तशी पुढची माणसं बिडी ओढायला भराभर बाहेर पडली. आई मात्र तोंडाला पदर लावून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ह्या पोराचं पुढं काय हुतं?"

"शेवटी मारत्यात त्याला," मी म्हणाले. "लोकं शिट्ट्या वाजवत्यात."

आईनं अंथरुणाची वळकटी डोक्यावर घेतली.

"मग चल," म्हणाली. "मारायच्या आधी जाऊ."