सासऱ्यांच्या गाडीचं इंजिन

सासरे गेल्यावर त्यांच्या जुन्या निळ्या मोटारीची किल्ली सासूबाईंनी मुलीच्या नव्हे, जावयाच्या हातात ठेवली. जावई पेशाने शिंपी. सासऱ्यांनी जिवंतपणी त्याला गाडीच्या बॉनेटला बोट लावू दिलं नव्हतं. गाडी कारखान्यातून निघाली तशीच अस्सल आहे, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती फुगवून सांगत.

गाडी चालू व्हायची, पण लगेच तापायची आणि पांढरा धूर ओकायची. ऑइल बघितलं तर दुधाळ. शिंप्याने गाडीचं पुस्तक चाळून ठरवलं, हेडखालचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं गॅसकेट फुटलंय, म्हणून पाणी ऑइलमध्ये उतरतंय. एवढं घरच्या घरी जमेल. नट सुटता सुटेनात, बोटं सोलून निघाली, पण अखेर हेड निघालं.

पुस्तकातला नंबर सांगून त्याने नवं गॅसकेट आणलं आणि कापडावर कागदी नमुना ठेवावा तसं इंजिनावर ठेवलं. भोकं जुळेनात. उलटं केलं, तरी नाही. दुकानदाराने बदलून दिलं, तेही तसंच. पुन्हा गेला तेव्हा दुकानदाराने नंबर पडताळून तेच पुढे सरकवलं. आयुष्यभर मापं घेतलेला माणूस, पण आता त्याला स्वतःच्याच डोळ्यांचा भरवसा वाटेना. पुस्तक चुकतंय, दुकानदार चुकतोय, की आपणच? त्या तंद्रीत एका गिऱ्हाइकाच्या कोटाला तो दोन्ही बाह्या डाव्याच लावून बसला. बायको म्हणाली, मेकॅनिकला बोलवा, नाहीतर गाडी राहील बाजूला, दुकान बसेल.

शेवटी सासूबाई शेडमध्ये चहा घेऊन आल्या, तेव्हा त्याने सगळं गाऱ्हाणं त्यांच्यापुढे मांडलं.

"जुळणार कसं, जावईबापू?" त्या शांतपणे म्हणाल्या. "हे इंजिन ह्या गाडीचं नाहीच."

मूळ इंजिन कधीच जाम झालं होतं. सासऱ्यांनी भंगारातून एका टेम्पोचं इंजिन आणून स्वतःच्या हातांनी बसवलं आणि लाजेपोटी घराबाहेर कुणापाशी ब्र काढला नाही.

शिंप्याला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं थापा मारल्या म्हणून रागवावं, की परकं इंजिन इतकं बेमालूम बसवलं म्हणून हात जोडावेत? दुसऱ्या दिवशी तो फुटकं गॅसकेटच घेऊन दुकानात गेला आणि तसलंच नवं घेऊन आला.

भोकं जुळली, गाडी चालू झाली आणि तापली नाही. सासूबाईंना शेजारी बसवून तो बाहेर पडला.

"तुम्ही हे कधी बोलला नाहीत?" त्याने विचारलं.

"ते बोलत नव्हते, मग मी कशी बोलणार?"

हे मायेनं म्हटलं की चिडून, त्याला उमगेना. विचारात गिअर चुकला, गाडी चढावर बंद पडली, मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले. कशीबशी चालू करून तो लांबच्या रस्त्याने परतला.

दारात बायको उभी होती. वडिलांची गाडी धावताना बघून तिचे डोळे भरून आले होते. नेमकं काय बिघडलं होतं, तिने विचारलं. त्याने सासूबाईंकडे बघितलं. त्या पदर सावरत घरात निघून गेल्या.

"गॅसकेट वेगळं लागत होतं," तो म्हणाला आणि हात पुसायला फडकं शोधू लागला.