पडद्यावर बोलणारा बापूस

दक्षता कोलशेतच्या कोळीवाड्यातली. लग्नाच्या हॉलमध्ये स्क्रीन लावता लावता ती प्रोजेक्टरचं काम शिकली, आणि दिग्दर्शक सलिलच्या नाटकात पाच पडद्यांचा सगळा कारभार तिच्या हाती आला. प्रयोग वर्तकनगरच्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये व्हायचे. खुर्च्या नव्हत्या. प्रेक्षक पडद्यांमधून हिंडायचे आणि चहूबाजूंनी पडद्यांवरून खाडीकाठची, आधी शूट केलेली माणसं बोलायची.

त्यातला एक तिचा बापूस, गोपीनाथ. "खारीन जालं टाकलं का पिशव्या येतान, मासली नाय," असं खाडीबद्दल सांगून तो पडद्यावर खदखदून हसायचा. शूटिंगनंतर थोड्याच दिवसांत त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घरी तो नुसता घशातून आवाज काढी. शेडमध्ये मात्र दक्षताने बटण दाबलं की धडधाकट बोलू लागे. तिला बरं वाटायचं. आवाज तरी कानावर पडतो.

म्हणूनच एका रविवारी ती आईला, मंजुळाला म्हणाली, "बाबांना घेऊन ये गं. बघू देत स्वतःला."

व्हीलचेअर पडद्यासमोर लावली. गोपीनाथ आधी टक लावून बघत राहिला. मग पडद्यावरच्या तोंडाबरोबर त्याचं वाकडं तोंड हलू लागलं. शब्द फुटेना. तो किंचाळला, चालता हात पडद्याकडे फेकू लागला. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. ते भोवती गोळा झाले, मोबाइल वर झाले. मंजुळा पदराने नवऱ्याचं तोंड झाकत ओरडली, "अगं बाय, बंद कर तं!"

दक्षताने पाचही पडदे विझवले आणि शेडमधल्या ट्यूबलाइट लावल्या.

सलिल धावत आला. "वेडी झालीस का? प्रयोग चालू आहे!"

"बाबांचा भाग काढून टाक, सलिल."

"तोच तर जीव आहे नाटकाचा. आणि परवानगी दिलेली त्यांनी."

"बोलता येत होतं तेव्हा दिलेली. आता विचार ना."

सलिल प्रेक्षकांना थांबवायला वळला. गोपीनाथकडे त्याने बघितलंही नाही. पुढच्या प्रयोगाला दुसरा ऑपरेटर आला. भाग तसाच राहिला.

दक्षता आता पुन्हा घोडबंदर रोडच्या हॉलांमध्ये नवरा-नवरीचे फोटो दाखवते. घरी टीव्ही लावला की गोपीनाथ भिंतीकडे तोंड फिरवतो, म्हणून तो बंदच असतो. नाटक कल्याणला गेलं, तिथेही चांगलं चाललं. कोळीवाड्यातला सूरज ते बघून आला आणि कौतुकाने म्हणाला, "काय झकास बोललाय गं तुझा बापूस!"

दक्षताने नुसती मान हलवली. आत मंजुळा गोपीनाथला पेज भरवत होती.