मामांची डिझेलची पंगत

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात जितक्या जिवांना जेवू घातलं, तितक्यांना एखाद्या राजानंही घातलं नसेल. फरक इतकाच, की मामांच्या पंगतीला बसणारा एकही जीव कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही, आणि पानात वाढलं जातं ते डिझेल. पुण्यातल्या एका कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मामांनी जन्म काढला. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, मामा वडगाव मावळला येऊन तेल खाणाऱ्या जिवाणूंच्या भजनी लागले. गाड्यांचं तेल जिथं वर्षानुवर्षं ठिबकतं, त्या मातीत ते तेल खाऊनच जगणारे जिवाणू वाढीला लागलेले असतात. ते शोधायचे, बरणीत पाणी, चिमूटभर खत आणि चमचाभर डिझेल घालून वाढवायचे, आणि तेल सांडून माती बिघडली असेल तिथं सोडायचे, हा मामांचा उद्योग. 'जंतू' हा शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. "जंतू काय म्हणता? मंडळी म्हणा!" असं ते भल्याभल्यांना सुनावतात.

त्यांची माझी पहिली भेट मी मुलगी बघायला गेलो तेव्हा झाली. बाकीचे नातेवाईक माझी नोकरी, शिक्षण आणि टक्कल यांची चौकशी करत होते, तेव्हा मामा बाहेर अंगणात माझ्या स्कूटरपुढे पालथे पडले होते. आत आले ते बोटावर काळी माती घेऊन. ती त्यांनी अत्तर हुंगावं तशी हुंगली आणि मला विचारलं, "गाडी किती दिवस गळतेय?" मी ओशाळून म्हणालो, "दोन वर्षं." "आणि रोज एकाच जागी लावता?" "हो." मामा माझ्या होणाऱ्या सासूबाईंकडे वळून म्हणाले, "ताई, मुलगा स्थिर आहे. देऊन टाक." आमचं लग्न स्कूटरच्या ऑइल सीलनं जमवलं, असं माझी बायको अजून म्हणते. दुसऱ्या दिवशी मामा तळेगावला आमच्या घरी हजर! आमच्या मंडळींना वाटलं, याद्या करायला आले. ते स्कूटर लावायच्या जागची माती डब्यात भरून घेऊन गेले, चहासुद्धा घेतला नाही.

त्यांच्या घरी जेवायला जाणं हे धाडसाचं काम आहे. फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी तश्शीच दुसरी बरणी असते आणि तिच्यावर 'घोरावाडीकर' अशी चिठ्ठी असते. घोरावाडी स्टेशनजवळच्या एका जुन्या गॅरेजातली ती मंडळी. त्या गॅरेजात शिरताना मामा चपला बाहेर काढतात. मेकॅनिक बिचारा प्रथम घाबरला, त्याला हा नगरपालिकेचा काही नवा प्रकार वाटला. आता तो मामांसाठी कोपऱ्यातली माती झाडायची राखून ठेवतो. मंडळींचे स्वभाव मामांना तोंडपाठ. लोणावळेकर नाजूक, पर्यटकांच्या नव्या गाड्यांचं तेल खाऊन लाडावलेले. कामशेतकर जेवतात भरपूर, पण सुस्त. घोरावाडीकर मात्र खमके, पुढ्यात येईल ते चाटूनपुसून फस्त करणार. दिवाणखान्यातल्या बरण्यांत माशांच्या पेटीला लावतात तसला हवेचा पंप अहोरात्र बुडबुडत असतो, आणि नवा पाहुणा पाच मिनिटं वाकून वाकून मासे शोधतो. "नाहीत हो मासे, बसा तुम्ही," मामी सांगतात. मग माझ्याकडे बघून, "त्या बरण्यांना दिवसातून तीनदा विचारतात, जेवलात का. मला लग्न झाल्यापासून एकदा विचारलेलं नाही!" यावर मामा गंभीरपणे म्हणतात, "तू स्वतः वाढून घेतेस. त्यांना हात नाहीत."

मी या सगळ्याची यथेच्छ टिंगल करत असे, हे इथं कबूल केलेलं बरं. मग तो टँकर उलटला.

लोहगडवाडीत शनिवार-रविवारी गड चढून येणाऱ्यांना पिठलं-भाकरी घालणाऱ्या कमळमावशींचं खाली हमरस्त्याला लागून एक खाचर आहे. त्यांच्या सासऱ्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या बांधावर राबून घेतलेलं हे एकुलतं एक स्वतःचं भातखाचर. संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी रस्त्याच्या वळणावर डिझेलचा टँकर कलंडला आणि सगळं डिझेल त्या खाचरात उतरलं. टँकरवाल्यांनी वरवरचं उपसून नेलं आणि मुरलेलं मावशींच्या नशिबावर सोडलं. दोन दिवसांत एक प्लॉटवाला मोटारसायकलवर घिरट्या घालू लागला. "मावशी, ही माती मेली. आता हिच्यात बंगलाच उगवेल," असं तो रोज सांगून जाई. मामा मावशींच्या हातच्या पिठल्याचे जुने भक्त. बातमी कळताच मला सुट्टी टाकायला लावून, स्कूटरवर मागे बरण्या घेऊन ते खाचरावर पोचले. मावशींनी बांधावरूनच "जय भीम" घातला. मामांनी उलट "जय भीम" केला, ढेकूळ उचललं, हुंगलं आणि म्हणाले, "मावशी, माती मेलेली नाही. तिला जेवणारे कमी पडताहेत."

मावशी बांधावरून खाली उतरल्या. "मामा, खरं सांगा. हितं भात यील? न्हाईतर मी त्या माणसाला व्हय म्हनते. आशेवर ठिवू नका."

"पावसाच्या आत माती स्वच्छ झाली नाही, तर हे सगळं ओढ्यात उतरेल आणि मी तुम्हाला तोंड दाखवणार नाही," मामा म्हणाले. मी त्यांना इतकं साधं आणि इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर चार महिने मामांनी जे केलं त्याला लगीनघाईच म्हणायला हवं. ओढ्याच्या बाजूनं बांध घातला. मंडळींना नुसतं डिझेल पचत नाही, हवा लागते, ओल लागते, तोंडी लावायला युरिया आणि सुपर फॉस्फेट लागतं. म्हणून खाचर दर आठवड्याला नांगरायचं, भाताचं तूस मिसळायचं, पाणी शिंपडायचं आणि घोरावाडीकरांचे कॅनच्या कॅन ओतायचे. मावशी आणि मी हमाल. मामांनी त्या वर्षी एक नवीच खोड काढली होती. ढेकूळ स्वतः हुंगून झालं, की माझ्या नाकाखाली धरायचे. "सांगा जावईबापू, किती उरलंय?" मला वाटे, परीक्षा घेताहेत. मी वैतागून काहीतरी सांगे आणि ते मान डोलावत. खरी परीक्षा मेथीची होती. टपरीवरच्या चहाच्या ग्लासांत खाचरातली माती भरून मामा मेथी पेरत. पहिल्या खेपेला दाणे फुगून कुजले. दुसऱ्या खेपेला पिवळे, रोगट कोंब आले, तरी मामा गावभर ते ग्लास दाखवत हिंडले, जसं काही घरात बारसं होतं.

आणि ऐन रंगात आलेल्या या पंगतीत शांताराम भाऊ काडेपेटी घेऊन आले. हे मावशींचे दीर, अत्यंत सज्जन माणूस. मावळात भाताचं रोप टाकायच्या आधी त्या वाफ्यावर फांद्या, गवत, शेण पसरून राब भाजतात. बापजाद्यांपासूनची रीत आहे. वहिनीच्या मदतीला म्हणून भाऊंनी ट्रॉलीभर काट्याकुट्या आणि गोवऱ्या नेमक्या त्या खाचरात रचल्या. "हितं आयतं डिझेल हाय, एका काडीत काम!" असा त्यांचा हिशेब. आम्ही पोचलो तेव्हा भाऊ काडी ओढायच्या बेतात होते. मामांनी छत्री टाकली, काट्यांची पर्वा न करता त्या ढिगावर चढले आणि मांडी घालून बसले.

"मामा, उटा! लोक बघत्यात," भाऊ कळवळून म्हणाले.

"नाही उठणार. या ढिगाखाली माझी माणसं आहेत."

भाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. ते दोन पावलं मागं सरकले. "मानसं? कोन पुरलंय हितं?"

"कोट्यवधी आहेत! चार महिने जेवताहेत बिचारी, आणि तुम्ही भर पंगतीत पान पेटवताय!"

भाऊ पोलीस पाटलांना बोलवायला निघालेच होते, तेवढ्यात मावशी आल्या. त्यांनी ढिगावर बसलेले मामा पाहिले, दिराच्या हातातली काडेपेटी काढून घेतली आणि म्हणाल्या, "भावजी, राब यंदा तुमच्या वरच्या वाफ्यात भाजू. रोप तितं करू, लावनी हितं. जेवत्या मानसाला उटवायचं नसतंय." विषय संपला. मामांच्या धोतरातले काटे काढायला मात्र संध्याकाळ झाली.

पाऊस पडायच्या चार दिवस आधी तिसरी मेथी उगवली. हिरवीगार, टरारून! मामांनी ते ग्लास बांधावर रांगेनं मांडले आणि मला वाकून नमस्कार करायला लावला. मी केला. लाज कसली? कॉलेजातल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी माती तपासून चांगली असल्याचं कळवलं. जुलैत लावणी झाली आणि दिवाळीनंतर त्या मेलेल्या मातीत इंद्रायणी भात असा उभा राहिला, की प्लॉटवाला मोटारसायकल थांबवून बघत बसला. शांताराम भाऊ जाणाऱ्या-येणाऱ्याला पकडून सांगत होते, "लय कामाची मंडळी! म्या सोता वाचवली, काडी वडलीच न्हाई."

झोडणीच्या दिवशी मावशींनी बांधावर तीन दगडांची चूल मांडली आणि त्याच खाचराचा, आधीच थोडा कापून कांडून घेतलेला नवा भात रटरटत ठेवला. कॉलेजातून तांदूळही तपासून आला होता, तरी "पयला घास मीच घेनार" असं मावशींनी बजावलं होतं. झाकण काढलं मात्र, इंद्रायणीचा घमघमाट रस्त्यापर्यंत गेला. भाऊ डोळे मिटून उभे राहिले. मामीसुद्धा "अहाहा" म्हणाल्या. मामा पातेल्यावर वाकले, हसले आणि हळूच माझ्याजवळ सरकले.

"जावईबापू, वास सुटला का हो?"

मी दचकून वळलो. "म्हणजे? तुम्हाला...?"

"मागच्या वर्षीच्या तापानंतर नाक गेलं. डॉक्टर म्हणतात, येणार नाही. मामीला सांगितलेलं नाही." मग थोडं थांबून, "मावशींना आशा दिली तेव्हा मला वासाचं काही कळत नव्हतं. वर्षभर तुमच्याच नाकावर चाललो."

मला एकदम ती सगळी ढेकळं आठवली आणि मी वैतागून दिलेली उत्तरं. मावशींनी पहिला घास घेतला, मान डोलावली आणि दुसरं पान मामांपुढं ठेवलं. मामा जेवायला लागेनात. मग मी त्यांच्या शेजारी मांडी घातली, खाली वाकून चिमूटभर माती उचलली आणि आयुष्यात पहिल्यांदा मन लावून हुंगली.

"डिझेल?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही. ओल्या पेंढ्याचा वास आहे, मामा. आणि तुमच्या पानातून गरम भाताचा, थोडा दुधासारखा, थोडा फुलासारखा..."

"सांगा, सांगा," मामा म्हणाले आणि डोळे मिटून त्यांनी पहिला घास घेतला.