बिनकानाचा कप

मला उकिरडे खणायचा नाद आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. पवनीत बाहेरचे लोक ब्रश घेऊन दोन हजार वर्षांपूर्वीची खापरं झाडतात, त्यांना सगळे साहेब म्हणतात. मी सब्बल आणि खुरपं घेऊन आपल्याच गावच्या जुन्या खड्ड्यात बाटल्या शोधायला उतरले, की बाईचं डोकं फिरलं. फिरू द्या.

गोसीखुर्द धरणाचं पाणी आमच्या जुन्या गावाकडे सरकत होतं. माणसं कधीच नव्या वसाहतीत गेली होती. पाणी येण्याआधी मला एकच खड्डा खणायचा होता, जुन्या चहाच्या हॉटेलामागचा.

त्या हॉटेलात आमच्या लोकांचे कप वेगळे होते. बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेले, कान तोडलेले, म्हणजे आतल्या कपांत चुकूनही मिसळायला नकोत. चहा वरून ओतला जायचा. तो बाहेर उकिडवं बसून प्यायचा, कप आपणच धुवायचा आणि कोनाड्यात पालथा घालायचा. नागपूरहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर बाबांनी तिथे शेवटचा चहा घेतला, कप न धुता मागच्या खड्ड्यात भिरकावला आणि त्या घराचा चहा पुन्हा तोंडाला लावला नाही. ही गोष्ट ऐकतच मी मोठी झाले.

नव्या गावात त्या हॉटेलवाल्याच्या मुलाने हॉटेल टाकलं. जुन्या आठवणी निघाल्या की तो म्हणायचा, "आपल्या गावात असं काही नव्हतं. कपाचा कान तर कोनाच्याबी हातून तुटते. म्हाताऱ्या मानसाले काहीबी आठवते." ऐकणारे माना डोलवायचे. बाबा गप्प राहायचे, आणि मला त्याचाच संताप यायचा. गाव बुडाल्यावर बाबा कायमचे खोटे ठरणार होते.

म्हणून मी खणायला गेले. वर राख आणि कोळसा, त्याखाली लोणच्याच्या बरणीची खापरं. मग गोटीवाली सोड्याची बाटली निघाली, हिरवी, अख्खी. एरवी मी तिच्यासाठी नाचले असते. त्या दिवशी बाजूला ठेवली आणि खणत राहिले.

कप निघाले ते कमरेइतकं खाली गेल्यावर. बहुतेकांचे तुकडे झाले होते, एक तेवढा धड होता. कान कुणालाच नव्हता. आता कान गेलेला कप कुठल्याही उकिरड्यात सापडतो, पण आपसूक तुटला तर तिथे धार राहते, बोट कापतं. ह्या कपांच्या तुटक्या जागा दगडावर घासून सपाट केलेल्या होत्या. कुणीतरी निवांत बसून, जीव लावून हे काम केलं होतं. मी त्या खड्ड्यात उभी राहून मनसोक्त शिव्या घातल्या. ऐकायला कुणी नव्हतं, असतं तरी घातल्याच असत्या.

घरी येऊन धड कप बाबांपुढे ठेवला. वाटलं, खूश होतील. ते भडकले.

"मी फेकलेली वस्तू घरात कायले आणली?"

"तो हॉटेलवाला म्हणते ना, असं नव्हतंच म्हणून."

बाबांनी कप उचलला. कानाच्या जागेवरून अंगठा फिरवला, एकदा, मग पुन्हा. मग चपला घातल्या आणि म्हणाले, "चाल."

हॉटेलात ते थेट आत गेले, पंख्याखालच्या खुर्चीवर बसले आणि कप टेबलावर ठेवला.

"याच्यात दे चहा."

"काकाजी, चांगला कप देतो ना. हा फुटका कायले?"

"फुटका नाही, घासलेला आहे. हात लावून पाह्य."

त्याने हात लावला. मग किटली आणली आणि चहा ओतला. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक वळून बघत होते. बाबांनी चहा सावकाश, फुंकर मारत, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. त्यांना असं ऐसपैस बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला फार अभिमान वाटला.

ते उठले तसा मी कप उचलायला हात पुढे केला. शेवटी माझ्या खणण्यातला माल होता तो, आणि विसळून पिशवीत टाकायचा होता.

"राहू दे तिथंच," बाबा म्हणाले. "आज हा धुईल."

आम्ही रस्त्याला लागलो, तेव्हा मागे नळ सुरू झाला.