तीन दिवस न विचारणारे व्याही

पाहुण्याला पाणी देणारी घरे खान्देशात पुष्कळ आहेत. ‘का आलात’ हे तीन दिवस न विचारणारा गृहस्थ मी एकच पाहिला, आणि तो माझा व्याही आहे. तरुणपणी ते अरबस्तानात गेले आणि उंट-मेंढ्या वळणाऱ्या एका कुटुंबाच्या तळावर चौदा वर्षे पाण्याचा टँकर चालवून धरणगावला परतले. शरीराने परतले, असे माझे मत आहे. विहीणबाईंचे मत याहून स्पष्ट आहे: “धाडा व्हता माणूस, वापस वना उंट.”

कापूस निघाला की ते शेतात ताडपत्रीचा तंबू ठोकतात आणि शेळ्यांसह तेथे राहतात. या शेळ्या अरबी हाकेशिवाय पाऊल उचलत नाहीत. पंधरा दिवसांनी खाट, भांडी, तंबू बैलगाडीवर चढतो आणि शंभर पावलांवरच्या बांधाशी उतरतो. शेजाऱ्याने एकदा विचारले, “नाना, गाव सोडी ऱ्हायनात का?” ते गंभीरपणे म्हणाले, “नही रे भो, चारा सरना.” शुक्रवारी सारे कुटुंब तंबूत जमते आणि एकाच परातीत जेवते. रुसलेल्यालाही वेगळे ताट मिळत नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलीचा फोन आला. ती शिक्षिका आहे. तिने नोकरी सोडायची, असे जावयाने तिला न विचारता ठरवून टाकले होते. मी त्याच सकाळी भुसावळहून निघालो, मुलीला घेऊन संध्याकाळी परतायचे, या निश्चयाने. तंबूत शिरताच म्हणालो, “नाना, मी स्पष्टच बोलतो.”

“तीन दिन पाहुणाले कारण इचारतस नही, आबा. पहिले कॉफी ल्या.”

इवल्याशा कपातली ती कडू कॉफी मी संपवी आणि ते पुन्हा ओतीत. नवव्या कपाला विहीणबाईंना दया आली. “कप हलावा, आबा, नही ते सकाळलगून पीत बसशात.” कप हलवला की पुरे, हा तिकडचा नियम मला कोणी सांगितला नव्हता.

मी चिडून राहिलो. मुलगी रोज शाळेत जाई, संध्याकाळी तंबूत येई. जावई खाली मान घालून शेळ्यांना पाणी पाजी. कोणी काही बोलत नव्हते, त्यामुळे काही मोडतही नव्हते. तिसरा दिवस शुक्रवार होता. खिचडीच्या परातीभोवती सारे बसल्यावर व्याही म्हणाले, “आते सांगा, आबा. काबर वनात?”

माझे कठोर भाषण तयार होते. पण मुलगीच बोलली. “शाळा मी सोडणार नाही. बाबांबरोबर निघून जाऊन नाही, इथे बसून सांगते.”

“मी फक्त म्हटलं होतं...” जावई पुटपुटला.

“बठ्ठासमोर बोल,” परातीभोवतीच्या सगळ्यांकडे हात करीत व्याही मुलाला म्हणाले. “पाहुणानी तक्रार ती मन्ही तक्रार.”

जावयाने परातीतला हात थांबवला. “विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं. शाळेचं तिचं तीच ठरवेल.”

मी तीन मिनिटांत जे मोडून आलो असतो, ते या माणसाने तीन दिवस हात न लावता राखले. मुलगी कोणाच्या घरी दिली, असे विचारणाऱ्याला मी आता ताठ मानेने उत्तर देतो. व्याह्यांना मात्र हे सांगितलेले नाही; तशी मला सवय नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ते दोघे सासरा-सून मला एस.टी.पर्यंत सोडायला आले. मुलीला शाळेची घाई होती; ती तिकडे वळली. येताना ठरवले होते तसे, गाडीत मी खिडकीची जागा तिच्यासाठी मोकळी सोडून अलीकडे बसलो, आणि गाव मागे पडल्यावर पिशवी उचलून त्या जागेवर ठेवली.