कासरा विकणाऱ्याचाच

"कासरा कवा देत्यात व्हय, ताई?" मी लिहिलेलं वाचून दाखवलं, तसे बबनभाऊ हसले.

बबनभाऊ बेल्ह्याच्या गुरांच्या बाजारातले दलाल, माझे जुने अशील. मी जुन्नर कोर्टात वकिली करते. दोन दिवसांनी पुण्यात आंतरराष्ट्रीय कायदा परिषद होती. देशोदेशीचे वकील, प्राध्यापक येणार होते. तालुका कोर्टातून निवडलेली मी एकटीच. विषय, तोंडी सौद्यात मालकी नेमकी कधी बदलते.

मी लिहिलं होतं, विकणारा बैलाचा कासरा घेणाऱ्याच्या हातात देतो, तीच डिलिव्हरी, म्हणजे माल ताब्यात देणं. पुस्तकात गोदामाच्या किल्लीचं उदाहरण असतं. मी किल्लीच्या जागी कासरा बसवला. आमच्या मारवाडी घरातल्या बायका गुरांच्या बाजारात जात नाहीत. पण विचारायला कोणी अडवलं होतं?

"बैल इकला तरी कासरा आपल्या घरी ऱ्हातो," बबनभाऊ म्हणाले. "न्हाईतर बरकत जाती. घेणारा सोताचा घिऊन येतो. आधी त्याचा बांधायचा, मंग आपला सोडायचा. सोडला की बैल त्याचा."

सायबर कॅफेतून ईमेल केलेला माझा पेपर तोवर परिषदेत वाटायला छापूनही झाला होता. परिषदेच्या सकाळी मी सत्राच्या अध्यक्षांना गाठलं.

"सर, माझा निष्कर्ष चुकलाय. दुरुस्त करून मांडते."

"छापलंय तेच वाचा, मॅडम. इथे कोणाला कळणार आहे?"

"बेल्ह्यात सगळ्यांना कळेल."

"हसं होईल तुमचं. पुन्हा तालुक्यातून कोणाला बोलावणार नाहीत."

भीती मलाही तीच होती. पण उद्या हाच पेपर दाखवून कोणी बबनभाऊंच्याच सौद्यात आमच्या विरुद्ध उभं राहिलं असतं, तर मी कुठल्या तोंडाने बोलणार होते? अध्यक्ष चिडले तर चिडू देत, असं ठरवूनच माइकसमोर गेले.

"माझ्या छापील पेपरचा निष्कर्ष चूक आहे," मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. हॉलमध्ये कुजबुज झाली. मग मी बाजाराची रीत सांगितली.

एका जर्मन प्राध्यापकांनी हात वर केला. "याला आधार कुठल्या पुस्तकाचा?"

"पुस्तक नाही. बबनराव, दलाल, बेल्हे बाजार."

लोक हसले. प्राध्यापक हसले नाहीत. "दोन्ही कासरे बांधलेले असताना बैल मेला, तर तोटा कोणाचा?"

"विकणाऱ्याचा. त्याचा कासरा अजून सुटलेला नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं. चहाच्या वेळी अध्यक्षांनी स्वतः येऊन दुरुस्त पेपर मागितला. परिषदेनंतर निघालेल्या पुस्तकात तोच छापला, तळटीपेत बबनभाऊंच्या नावासकट.

चूक आपणच आधी सांगितली, की लोकांचे प्रश्न निदान खऱ्या गोष्टीवर येतात.